एका खोलीतल्या दोघींच्या आया

बुलिलेका, लांबासा
१२ मार्च १९८४

श्रीमती उनाइसी यांस,
सादर नमस्कार.

आपला पूर्वपरिचय नसताना हे पत्र लिहीत आहे, याबद्दल क्षमस्व. माझी कन्या अंजिनी ही सुव्याच्या विद्यापीठात हिशेबशास्त्राच्या प्रथम वर्षात शिकत असून, वसतिगृहात आपली कन्या मेरेवालेसी हिच्यासमवेत एकाच खोलीत राहते. आपल्या कन्येच्या वर्तनाविषयी काही गोष्टी आपल्या निदर्शनास आणणे मला आवश्यक वाटते.

आमचे कुटुंब शाकाहारी आहे. आपली कन्या खोलीत टिनातील मासे उघडते व त्याच्या वासाने अंजिनीस अन्न जात नाही. शिवाय ती रेडिओ अत्यंत मोठ्याने लावते आणि स्वतःही मोठ्या आवाजात बोलते. अंजिनीने हाक मारली असता मात्र पुष्कळदा उत्तरसुद्धा देत नाही. हे उद्धटपणाचे लक्षण होय. तरी आपण तिला योग्य ती समज द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
धनमती सुखराज


नासाऊ, कोरो बेट
२ एप्रिल

धनमतीबाई,

पत्र बोटीनं आलं. पाकीट फोडलं तेव्हाच हेडमास्तरांचा वास आला. तुमच्या गावच्या हेडमास्तरांकडून लिहून घेतलंत ना? पुढच्या वेळी त्यांना कष्ट देऊ नका. मी लांबाशाचीच आहे. वडील साखरमिलमध्ये बॉयलरवर होते, आम्ही मिलच्या लाइनीत राहायचो, दोन्ही बाजूंना तुमचीच माणसं. तुमची भाषा मला शिव्यांसकट येते. लग्न होऊन कोरोला आले ती इथलीच झाले.

आता तुमच्या तक्रारी. वालेसी (घरी आम्ही तिला एवढंच म्हणतो) मोठ्यानं बोलते, हे खरं. बेटावर सगळेच मोठ्यानं बोलतात. वाऱ्यात हळू बोललेलं कुणाला ऐकू जाणार? हाकेला ओ देत नाही हे मात्र वाईट. इथेही नाताळात आली होती तेव्हा तसंच. पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर काही विचारलं, तर ही ढिम्म. तिचे वडील इनोके म्हणाले, दोन वर्षं सुव्याच्या शाळेत काय राहिली, मुलीला शहराचं वारं लागलं. मी तिला कडक शब्दांत लिहिते.

पण माशांचं मला काही कळलं नाही. वालेसी लिहिते की तिचे टिनाचे मासे अंजिनीच संपवते. वर कांदा-मिरची चिरून घालते आणि टिनाचा तळ पावानं पुसून खाते म्हणे. पोरगी अंग धरेल, काळजी करू नका. दोघींचं चांगलं जमलंय. प्रत्येक लेक्चरला शेजारी-शेजारी बसतात. अंजिनी भराभर लिहून घेते आणि वालेसी तिच्या वहीत बघते. मी बजावलंय तिला, स्वतः लिही म्हणून.

उनाइसी


बुलिलेका
२० एप्रिल

उनाइसीबाई,

हे पत्र मी स्वतः लिहितेय. हेडमास्तरांना दाखवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीवरची डाळ करपली. आमच्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या हातावर हात ठेवून मी शब्द दिला होता. आणि तुम्ही मला लिहिता, पोरगी अंग धरेल! माझ्या मुलीला मासे खायला शिकवलं कुणी? ते टिन काय आपोआप उघडतात? नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

दुसरं. माझी अंजिनी हिशेब शिकते. तुमची मुलगी मास्तरीण व्हायचं म्हणून बायोलॉजी शिकते. मग ‘प्रत्येक लेक्चरला शेजारी-शेजारी’ कशा काय बसतात? थाप मारायची तर जरा बेतानं मारावी माणसानं.

खरं काय ते मी सांगते, कारण अंजिनी माझ्याशी खोटं बोलत नाही. तुमच्या वालेसीला पहिल्या चाचणीत शंभरात एकोणीस मार्क पडले. न्हाणीघरात नळ सोडून रडत असते. तिला सरकारी शिष्यवृत्ती आहे म्हणे. माझी मुलगी काय खाते ते बघण्याआधी ती टिकवायची बघा.

धनमती


नासाऊ
१४ मे

धनमतीबाई,

पत्र माझ्या आधी इनोकेच्या हाती पडलं. भाषा येत नाही त्याला, पण एकोणीसचा आकडा त्यानं ओळखला आणि मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

वालेसीला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गावानं डुक्कर कापलं होतं. ती आम्हाला दर पत्रात लिहिते की सगळं छान चाललंय.

तुम्ही खोटं लिहीत असाल तर देव बघून घेईल. खरं असेल तर तुमचे आभार मानायला हवेत, पण आत्ता ते माझ्याच्यानं होणार नाही. यापुढे पत्र पाठवू नका.

उनाइसी


बुलिलेका
११ जून

उनाइसीबाई,

पाठवू नका म्हणालात तरी पाठवतेय. वाचायचं नसेल तर चुलीत घाला, पण आधी वाचा.

अंजिनी सुट्टीला घरी आली होती. पहिल्याच दिवशी मी ठरवलं होतं, की माशांवरून हिची चांगली हजेरी घ्यायची. पण जेवताना एक गोष्ट झाली आणि ते राहूनच गेलं.

माझा नवरा सुखराज मिलमध्ये चरकांवर आहे. अख्खी उमर त्या घरघराटात गेली. एका कानानं काहीच येत नाही, दुसऱ्यानं थोडंफार. घरात आम्ही त्याच्याशी ओरडून बोलतो, तो ‘हां हां’ म्हणतो, संपलं. त्या दिवशी त्याला लोणचं वाढायचं होतं. अंजिनी उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर आली, त्याच्या मनगटाला बोट लावलं, त्यानं वर बघितल्यावर मगच बोलली. आणि हळू बोलली. त्याला कळलं! आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं नाही. मुलीनं तर नाहीच.

मी तिला स्वयंपाकघरात धरलं. “हे कुठं शिकलीस?”

“कुठं नाही. वालेसीशी असंच बोलावं लागतं.”

बोलून गेली आणि जीभ चावली. मग मी सोडलं नाही.

उनाइसीबाई, तुमची मुलगी उद्धट नाही. तिला ऐकू येत नाही.

शाळेत पहिल्या बाकावर बसून निभावलं. विद्यापीठात दोनशे पोरांचा हॉल, प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात. ओठ दिसले नाहीत की संपलं. रेडिओ मोठा लागतो तो त्यामुळेच. कान वाहतो, उशीला डाग पडतात. हे कळलं तर मास्तरीण होऊ देणार नाहीत, शिष्यवृत्ती काढून घेतील, या भीतीनं तिनं अंजिनीकडून शपथ घेतली. म्हणून अंजिनी तिच्या लेक्चरला बसते आणि सगळं लिहून घेते. ‘शेजारी-शेजारी’ म्हणालात ते खरं होतं. थाप म्हणाले, ते माझं चुकलं.

मग अंजिनीच्या हिशेबाच्या लेक्चरचं काय, ते मी तिला विचारलं. ती भांडी घासायला लागली. आजवर कधी न सांगता भांडी घासलेली नाहीत तिनं.

तुम्ही मिलच्या लाइनीत वाढलात, वडील बॉयलरवर होते. ऐकू न येणारं माणूस घरात कसं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

धनमती


नासाऊ
२ जुलै

धनमती बहिनी,

आमच्या लाइनीत सगळ्या बायका एकमेकींना बहिनी म्हणायच्या. चालेल ना?

मला सांगायला नको होतं हे खरं, पण सांगावं लागलं. माझे वडील शेवटी शेवटी फार हसायचे. ऐकू आलं नाही की हसायचे, म्हणजे समोरचा पुन्हा विचारत नाही. वालेसीही तशीच हसते. मला वाटायचं, माझी मुलगी गोड आहे.

लहानपणी तिचा कान फुटायचा. सगळ्याच पोरांचे फुटतात, दिवसभर पाण्यात असतात. आम्ही कोमट खोबरेल घालायचो आणि थांबलं की विसरायचो.

इनोकेनं पूर्ण ऐकून घेतलं आणि जाळं विणत बसला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर गाठी सगळ्या चुकलेल्या. मग पाद्रीबाबांकडे गेला आणि म्हणाला, “नाताळात मी तुमच्यासमोर मुलीला वेडंवाकडं बोललो. तिनं तुमचा अपमान केला नव्हता. मी केला तिचा.” आमच्यात पुरुष असं सहजासहजी बोलत नाहीत.

ऑगस्टमध्ये विद्यापीठात एक दिवस बाहेरच्या लोकांसाठी सगळं खुलं असतं. कुणीही जावं, बघावं. मी जातेय. मुलींना कळवलेलं नाही, नाहीतर वालेसी खोली झाडून, हसू लावून बसेल. तुम्हीही या. दोघी मिळून जाऊ.

उनाइसी


बुलिलेका
२० जुलै

उनाइसी,

बहिनी म्हणालीस, आता मी तुला अहोजाहो करणार नाही.

मला येता येत नाही गं. मिल सुरू झालीय, सुखराजच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. त्याला मी हलवून उठवलं नाही तर पाळी चुकते, भोंगा त्याला ऐकू येत नाही. तूच जा. आंब्याच्या लोणच्याची बरणी सुव्याला जाणाऱ्या बोटीवर ओळखीच्या माणसाकडे दिलीय, ती दोघींना मिळून दे.

एक काम कर. माझ्या मुलीला नीट बघून ये. काय खाते ते सांगू नकोस, ते मी सोडून दिलं. काय शिकते ते सांग.

आणि वालेसीच्या कानात ते खोबरेल आता घालू नका.

धनमती


मुलींची खोली, सुवा
१७ ऑगस्ट

धनमती,

हे तुझ्या मुलीच्या टेबलावर बसून लिहितेय. दोघी जेवणघरात गेल्यात. बरंच सांगायचंय.

काल सकाळी खांद्यावर चटईची गुंडाळी घेऊन फाटकाशी आले. मुलींच्या खोलीसाठी विणली होती. फाटकावरची पोरगी बिल्ला लावून उभी. मला म्हणते, “आजी, नाच दुपारी आहे, नाचणाऱ्यांनी मागच्या दारानं जायचं.” मी म्हटलं, “नाचायला नाही आले, नाचवायला आलेय. मुलगी कुठं असेल सांग.” बिचारी गोरीमोरी झाली. मग स्वतःच चटई उचलून मला आत घेऊन गेली.

एवढी गर्दी! टोंगाची पोरं, समोआची पोरं, शाळांचे घोळके. मी बायोलॉजी विचारत विचारत एका लांब खोलीत पोचले. तिथं टेबलाभोवती माणसं गोळा झालेली आणि मध्ये पांढऱ्या कोटात एक बारीक मुलगी, हातात चिरलेला मासा. कल्ले उघडून दाखवत होती, पाण्यातून श्वास कसा घेतो ते सांगत होती. एका पोरानं “ई” केलं तर त्याला म्हणाली, “ई काय? तुझ्या पोटात बघितलंस तर काय म्हणशील?” सगळे हसले. मासा मी रोज साफ करते, धनमती, पण आत काय असतं ते बघायला कधी थांबले नव्हते. मी थांबून ऐकलं. छातीवरच्या पट्टीवर नाव वाचलं. अंजिनी.

वालेसी शेजारच्या टेबलाशी होती, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली. तीनदा. माझ्या पोटच्या मुलीला मी दोन हातांवरून हाक मारतेय आणि ती वळत नाही. तू लिहिलं होतंस तरी ते डोळ्यांनी बघणं वेगळं. मग मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं आधी हसून बघितलं. मग तिचं ते हसू गेलं.

तिला कळलं, की मला कळलंय.

बाहेर झाडाखाली बसलो. मी म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारायचात, ऐकलंस का? मी हो म्हणायचे. मग एवढ्या वेळा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?”

आज सकाळी तिला दवाखान्यात नेलं. एक पडदा पूर्ण गेलाय, दुसऱ्याला भोक आहे. नोव्हेंबरमध्ये परदेशातले कानाचे डॉक्टर येतात, ते भोक बुजवता येईल म्हणाले. तोवर एक यंत्र दिलंय. काड्यापेटीपेक्षा मोठी डबी खिशात ठेवायची आणि वायर कानात. वालेसीला त्याची भयंकर लाज. अंजिनी म्हणाली, “लाज वाटते तर मला दे, मी गाणी ऐकीन.” तेव्हा कुठं लावलं.

दवाखान्यातून येताना शिष्यवृत्तीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, “आम्ही कान बघत नाही, निकाल बघतो. तीन विषय सुटले पाहिजेत.” प्राध्यापकांना मीच भेटले. उंच, विसराळू माणूस. त्याला म्हटलं, फळ्याशी काय बोलता, फळा परीक्षा देणार आहे का? ओशाळला. पहिल्या रांगेतली खुर्ची देतो म्हणाला.

आता तुझं काम. अंजिनीनं हिशेब सोडलाय. पहिल्या सत्रात त्यात नापास झाली आणि जुलैपासून बायोलॉजीत नाव घातलंय. मला म्हणाली, “मावशी, आईला सांगू नका.” मी म्हटलं, सांगणार. म्हणाली, “पिताजींनी मिलच्या कचेरीत माझ्यासाठी खुर्ची बोलून ठेवलीय. त्यांनी उमरभर त्या कचेरीच्या खिडकीशी उभं राहून पगार घेतला. मी आतल्या बाजूला बसावं, एवढीच त्यांची इच्छा.” मग रडली. माझ्या मुलीच्या पायी तुझ्या मुलीचा विषय बुडाला असं मला वाटलं, तर डोळे पुसून म्हणाली, “तसं नाही. पहिले दोन आठवडे वालेसीसाठी बसले. नंतर स्वतःसाठी.”

तू तिला लगेच पत्रातून रागावू नकोस.

उनाइसी


बुलिलेका
९ सप्टेंबर

उनाइसी,

रागावले. पत्रातून नाही, इथेच, एकटी. मग उतरला राग.

सुखराजला अजून सांगितलेलं नाही. ही काही ओरडून सांगायची गोष्ट नाही, आणि हळू सांगितलं तर त्याला ऐकू येत नाही. परवा दोन अक्षरं लिहून द्यावीत म्हणून बसले, पण चरकावरून दमून आलेल्या माणसाच्या हातात असा कागद द्यायला मन होईना. डिसेंबरमध्ये ती येईल तेव्हा बघू.

वालेसीच्या ऑपरेशनला तू सुव्याला असशीलच. तिला माझा आशीर्वाद सांग.

धनमती


बुलिलेका
१७ डिसेंबर

उनाइसी,

तुझी लेक परवा अंजिनीबरोबर इथे सुखरूप पोचली. निकाल तुला बोटीवरच्या माणसाकडून कळला असेल, तरी मी लिहिते. वालेसीचे तीन विषय सुटले, केमिस्ट्री राहिली, ती पुढच्या वर्षी पुन्हा द्यायची. शिष्यवृत्ती चालू आहे. अंजिनीची बायोलॉजी सुटली. चांगल्या मार्कांनी.

ऑपरेशन केलेल्या कानावर अजून कापूस आहे, दुसऱ्याला यंत्र. लाज गेलीय. डबी खिशातून काढून पोरांना दाखवते.

काल रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे पडवीत बसलो होतो. मी आणि मुली गप्पा मारत होतो. सुखराज खुर्चीत बसून मध्येच हसत होता, जिथं हसण्यासारखं काही नव्हतं तिथं. वालेसी त्याच्याकडे बघत राहिली. तुमच्या घरातलं ते हसू तिला माहीत आहेच. ती उठली, कानातली वायर काढली आणि जाऊन त्याच्या कानात घातली. न विचारता. डबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बटण फिरवलं.

तो दचकला. खोकला, आणि स्वतःच्याच खोकल्याला घाबरला. “कोण ओरडतंय?” म्हणाला. कुणी नव्हतं, शेजाऱ्यांची कोंबडी होती.

मग अंजिनी म्हणाली, “पिताजी, चहा टाकू?” नेहमीच्या आवाजात. ओरडून नाही.

तो तिच्याकडे वळला. “तुझा आवाज असा आहे?”

“कसा?”

“बारीक आहे. मला वाटायचं तू नेहमी रागावलेली असतेस.”

उनाइसी, आम्ही सगळेच त्याच्याशी ओरडून बोलत आलो. त्याच्या कानात आम्ही सगळेच रागावलेले.

अंजिनी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं. हिशेब सोडला, नापास झाले, बायोलॉजी घेतली, मिलच्या कचेरीत बसायचं नाही. घाई केली नाही, काही गाळलं नाही. माशांचंही सांगितलं. मी पदराचं टोक चावत बसले. वालेसी पायरीवर जाऊन उसाकडे तोंड करून बसली. तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ती मुद्दामच तिकडे तोंड करून बसली असं मला वाटलं.

सुखराजनं शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही ‘हां हां’ म्हणाला नाही. मग म्हणाला, “एवढं सगळं झालं आणि आधी सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं. मागच्या सुट्टीत, तुम्ही सायकल पुसत होतात तेव्हा. म्हटलं, मला बायोलॉजी शिकायचीय.”

“मग मी काय म्हणालो?”

“तुम्ही म्हणालात, छान.”

त्यानं खिशातल्या डबीवर हात ठेवला.

“मग छानच म्हणालो ना,” म्हणाला. “जा, चहा टाक.”

वालेसी गुरुवारच्या बोटीनं सावुसावूच्या बंदरातून निघेल. सुखराजनं यंत्र अजून परत दिलेलं नाही, पण तिला बोटीवर बसवायच्या आधी मी ते त्याच्याकडून काढून घेईन. जानेवारीत त्याला सुव्याच्या दवाखान्यात नेतेय. तू येशील का सोबत?

तुझी,
धनमती